मराठी दफ्तरांतील संक्षेपलेखन

जुने कागद पाहण्याचा ज्यांस नाद आहे, त्यांस पुढील प्रसंग अपरिचित नसेल. एखाद्या घराण्याचा रुमाल सोडला म्हणजे घरधनी शिक्क्यांच्या सनदा, लांबलचक महजर व जोडकागदाचीं पत्रें प्रथम पुढें करितात. आणि चार बोटें रुंदीच्या चिठ्ठ्या, पाठीवर दोन ओळी खरडलेले तुकडे व हिशेबाच्या फर्दी बाजूला सारून ‘यांत कांहीं विशेष नाहीं’ असें सांगतात. संशोधकही पुष्कळदां त्यांच्याच मताचा असतो. प्रस्तुत लेखक तसाच होता. त्याबद्दल त्याला जें प्रायश्चित्त मिळालें तें आरंभींच सांगून टाकणें बरें.

एका इनामदार घराण्याच्या इ. स. १७७० च्या सुमाराच्या हिशेबांत गांवच्या पाटलाच्या नांवापुढें कांहीं रकमा मांडलेल्या होत्या, आणि प्रत्येक रकमेजवळ ‘गु॥’ एवढेंच अक्षर होतें. आम्हीं तें ‘गुदस्त’, म्हणजे गेल्या सालचें, असें वाचलें आणि टिपणांत लिहून मोकळे झालों कीं, या पाटलाकडे दरसाल मागील बाकी थकत असे. तें टिपण पुढें कोणीं त्या पाटील घराण्याच्या वंशजांस दाखविलें. त्यांपैकीं एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले. ते रागावले नाहींत. ‘कागदांत तसें असेल तर आमचें कांहीं म्हणणें नाहीं’ एवढेंच बोलून गेले. सुमारें दोन वर्षांनीं त्याच रुमालांतून बाजूला सारलेली एक तीन ओळींची चिठ्ठी सहज हातीं आली. हिशेब लिहिणाऱ्या त्याच कारकुनाचें तें अक्षर; पण येथें, बहुधा परगांवच्या वाचणारासाठीं, त्यानें शब्द पुरा लिहिला होता: ‘गुजारत’. म्हणजे रक्कम पाटलाच्या हस्तें आली, इतकाच अर्थ. तो थकबाकीदार नव्हता. गांवकऱ्यांचे पैसे भरवशानें पोंचविणारा होता. ज्या कागदाला आम्ही निकामी समजलों त्यानेंच आमची चूक दाखविली.

तेव्हांपासून दफ्तरी संक्षेपाकडे आम्ही निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों. हा संक्षेप आळसाचा परिणाम नव्हे. कामाच्या रेट्यांतून तो घडला, पिढ्यान्पिढ्या कारकुनांनीं तो मुलांस शिकविला, आणि फडावरच्या माणसास तो आपल्या बोलण्याइतका स्वाभाविक झाला. लिहिणारास व त्या काळच्या वाचणारास तो जितका सोपा होता, तितकाच आपणांस फसवा आहे.

प्रथम कामाचा रेटा किती होता तें पाहूं. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरांत रोजच्या रोज रोजकीर्द लिहिली जाई. दिलेल्या आज्ञा, सनदा, नेमणुका, जमा व खर्च यांची तींत नोंद होई. गणेश चिमणाजी वाड यांनीं या दफ्तरांतून निवडलेल्या रोजनिशांचे नऊ भाग या शतकापूर्वीच्या शतकारंभीं, १९०२ पासून पुढें, छापले गेले. रियासतकार सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस भाग काढले. तरी हे सर्व मिळून मूळ सांठ्यांतील एक लहानसा वेंचा आहे. एकाच बाबीचा मसुदा व्हावयाचा, मग पत्र, मग त्याची नोंद, मग रक्कम असेल तर ती खतावणींत जावयाची. एक शब्द एके ठिकाणीं आंखडला तर तो चार ठिकाणीं आंखडला जाई. शिवाय कागद हातानें केलेला, जुन्नरी किंवा दौलताबादी, आणि तो जपून वापरण्याचा. लेखणी बोरूची, ती वरचेवर दौतींत बुडवावी लागे. बुडविल्यापासून सुकेपर्यंत जेवढें उरकेल तेवढें उरकावें, हाच लेखकाचा नेम.

मोडी लिपीची ठेवणच या नेमाला अनुकूल होती. आधीं कागदावर आडव्या रेघा ओढून घ्यावयाच्या आणि मग त्यांखालीं अक्षरें ओवीत जावयाचें, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर रेघ देण्यासाठीं हात थांबत नाहीं. ऱ्हस्वदीर्घाचा भेद मोडीनें सोडूनच दिला. हेमाडपंतानें ही लिपी लंकेहून आणली, ही आख्यायिका मनोरंजक आहे, एवढेंच तिच्याविषयीं म्हणतां येईल. परंतु त्याच्या नांवावर हिशेबलेखनाच्या नियमांचें जें ‘मेस्तक’ चालत आलें आहे, त्यावरून येवढें खचित दिसतें कीं, कसें लिहावें याचे नियम असावेत व ते कारकुनाला पाठ असावेत, ही कल्पना मराठी मुलुखांत जुनी आहे.

आतां खुद्द आंखडलेल्या शब्दांकडे वळूं. सामान्य रीत अशी कीं, शब्दाचें पहिलें अक्षर काना, मात्रा, वेलांटी, उकार यांसह लिहावयाचें व पुढें दोन उभ्या रेघा द्यावयाच्या. ‘नि॥’ म्हणजे निसबत, ‘दि॥’ म्हणजे दिमत, ‘बा॥’ म्हणजे बाबत, ‘मु॥’ म्हणजे मुक्काम, ‘गो॥’ म्हणजे गोसावी, ‘चि॥’ म्हणजे चिरंजीव. कांहीं शब्दांत आरंभ व शेवट ठेवून मधला भाग गाळलेला असतो. मशारनिल्हे या शब्दाचीं असलीं रूपें वाचकांनीं पाहिलींच असतील. या पद्धतीचे अवशेष आपल्या डोळ्यांसमोर अजून आहेत. गांवांच्या नांवांपुढें आपण ‘बु॥’ व ‘खु॥’ लिहितों, ते बुद्रुक व खुर्द हे फारशीवरून आलेले थोरल्या व धाकट्या गांवाचे वाचक शब्द होत. पाटीवर तीं अक्षरें रोज वाचणाऱ्यांपैकीं कितीजणांस तो शब्द पुरा सांगतां येईल, हा प्रश्न निराळा.

अडचण येते ती येथें कीं, एकाच अक्षराखालीं अनेक शब्द लपतात. ‘गु॥’ ची गोष्ट वर सांगितलीच. ‘वि॥’ पत्राच्या आरंभीं व शेवटीं आला तर विनंति. हिशेबांत माणसाच्या नांवामागें आला तर विद्यमान. ‘सा॥’ नमस्कारापूर्वीं साष्टांग, उत्पन्नाच्या कलमांत सालाबाद. ‘ता॥’ विशेषच त्रास देतो. गांवाच्या नांवाजवळ तो तर्फ किंवा तालुका यांपैकीं कांहीं असूं शकतो. पण पत्रांत ‘येथील कुशल ता॥ छ १० जिल्काद जाणून’ असें येतें, तेथें तो ‘तागाईत’ आहे, म्हणजे त्या तिथीपर्यंत. आजच्या संवयीनें वाचणारा तेथें सहजच ‘तारीख’ वाचतो. पत्रांत यानें फारसें बिघडत नाहीं. हिशेबांत मात्र बिघडतें. कारण ‘तागाईत’ ही मुदतीची अखेर असते, आणि तिला व्यवहाराचा दिवस समजलें म्हणजे महिन्यामहिन्याचा खर्च एका दिवसाचा होऊन बसतो. मग कोणा सरदारानें एकाच दिवशीं एवढा दाणावैरणीचा खर्च केला, असें अचंब्यानें लिहिलें जातें.

आणखी एक गोष्ट नवशिक्यांनीं ध्यानांत ठेवावी. संक्षेपाच्या या दोन उभ्या रेघा आणि अर्ध्याची खूण एकच आहेत. आंकड्यापुढें एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. म्हणून ‘५॥’ हे साडेपांच, आणि ‘म॥’ हा शब्दाचा तुकडा. अक्षरापुढें कीं आंकड्यापुढें, एवढ्यावरच निवाडा. मूळ कागद स्वच्छ असेल तर प्रश्न नाहीं. परंतु कसरीनें खाल्लेल्या फर्दींत आंकडा गेला आणि रेघा राहिल्या, अशा जागीं पुष्कळ चांगले वाचणारे फसले आहेत.

मग त्या काळचा कारकून कसा फसत नसे? त्याचें उत्तर असें कीं, तो अक्षर वाचीत नसे, जागा वाचीत असे. फर्दीवर शीर्षक कोठें, कलम कोठें, रकमेचा आंकडा कोठें, आणि ती रक्कम कोणाच्या हस्तें हें कोठें लिहावयाचें, हें ठरलेलें होतें. जागा ठरली म्हणजे तेथें संभवणारे शब्द दोनचारच उरतात, आणि पहिलें अक्षर पुरतें. म्हणून आमची सूचना अशी आहे कीं, संक्षेपांची यादी पाठ करण्यापूर्वीं त्या विशिष्ट दफ्तराची मांडणी समजून घ्यावी. यादी हातीं असूनही आमची चूक झाली. मांडणीकडे पाहिलें असतें तर झाली नसती. मागील बाकी त्या हिशेबांत निराळ्या सदरांत, फर्दीच्या आरंभीं धरलेली होती, हें आमच्या मागाहून ध्यानांत आलें.

तिथिवारांचा संक्षेप हा याहून गहन विषय आहे. मराठी पत्रांत चांद्रतिथीपूर्वीं ‘छ’ हें अक्षर येतें. पुढें तिथीचा आंकडा व मुसलमानी महिना. वर्ष पुष्कळदां नसतेंच. लिहिणारास व घेणारास चालू वर्ष कोणतें हें माहीत होतें. तें लिहिण्याचें कारण काय? वर्ष असलें तर तें सुहूर सनाचें, आणि तेंही आंकड्यांत नव्हे, अरबी संख्याशब्दांत: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सित, सबा, समान, तिसा हे एकापासून नवापर्यंत, मग अशर, अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन हे दहापासून नव्वदांपर्यंत, शंभरास मया, दोनशांस मयातैन, हजारास अलफ. एकं आधीं, दहं मागाहून. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. हें वर्ष मृगाच्या आरंभीं बदलतें. त्यांत ५९९ मिळविले म्हणजे डिसेंबरअखेरपर्यंतचा इसवी सन येतो आणि जानेवारीपासून पुढें ६०० मिळवावे लागतात. पानिपतचा दिवस, १४ जानेवारी १७६१, याच ११६१ सालांत पडतो.

येथपर्यंत ठीक. परंतु नित्याच्या पत्रांत ‘मया व अलफ’ हा भाग गाळला जातो आणि ‘सन सबा सितैन’ एवढेंच उरतें. सदुसष्ट खरें, पण कोणत्या शतकांतील? ११६७ धरलें तर इ. स. १७६६-६७, थोरल्या माधवरावांची कारकीर्द. १०६७ धरलें तर इ. स. १६६६-६७, शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले तें साल. शंभर वर्षांचें अंतर दोन शब्दांच्या अभावीं पडतें. अक्षराचें वळण, कागद व आंतील माणसें यांवरून हा निकाल बहुधा लागतो. याहून कठिण म्हणजे कित्येक हिशेबी कागदांवर दहंही गाळून ‘सन तिसा’ एवढेंच असतें. तेथें दर दहा वर्षांनीं एक उमेदवार उभा राहतो, आणि माणसें तींच, अक्षर तेंच. अशा वेळीं तिथि आणि वार दोन्ही असतील तर जंत्री उपयोगीं पडते. बाळाजी प्रभाकर मोडकांनीं १७२८ पासूनची जी जंत्री १८८९ सालीं कोल्हापुराहून काढली, तिच्या आधारें असले कित्येक कागद जागीं बसले आहेत. वार नसेल तर तिथीवर विसंबून वर्ष ठरविण्याचा मोह आवरावा. आणि रबिलावल व रबिलाखर, जमादिलावल व जमादिलाखर या जोड्यांत भेद फक्त शेवटच्या भागांत आहे. महिना आंखडून लिहिला असेल किंवा कागदाची कड फाटली असेल, तर तिथि अचूक वाचूनही एक महिन्याची चूक पदरांत पडते. एका महिन्यांत मराठी फौजा कोठच्या कोठें गेलेल्या असतात.

पत्राचा मायना आणि शेवट यांविषयीं थोडक्यांत लिहितों, कारण तो भाग वाचकांच्या परिचयाचा आहे. ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’ असा लांबलचक मायना पाहून कोणी म्हणेल कीं, येथें संक्षेप कोठें आहे? पण ठरीव मायना लिहिण्यास विचार लागत नाहीं, वाचण्यास वेळ लागत नाहीं, आणि त्यांतील एका शब्दाच्या फरकानें लिहिणाराची व घेणाराची पायरी कळते. आज ज्यासाठीं आपण चार वाक्यें खर्चितों, तें येथें एका विशेषणानें होतें. मसुद्यांत व नकलेंत तर हा मायना पहिल्या दोन अक्षरांवर येऊन थांबतो. बाळाजी आवजी चिटणिसांनीं महाराजांपुढें कोरा कागद हातांत धरून न लिहिलेलें पत्र घडघड वाचून दाखविलें, अशी जी आख्यायिका आहे, ती खरी असो वा नसो. पत्राचा सांचा मनांत किती पक्का बसलेला असे याची ती साक्ष आहे. कच्च्या सांच्याच्या दफ्तराविषयीं अशी गोष्ट कोणी रचली नसती.

पत्राच्या अखेरीचे व पाठीवरचे शब्द हे मात्र सविस्तर बोलण्याजोगे आहेत, कारण तेथें एकेक शब्द म्हणजे एकेक हुद्देदाराचें काम आहे. ‘मोर्तब सुद’ यांतील ‘सुद’ हा फारशी ‘शुद’, म्हणजे झालें. मोर्तब झालें, येथें मजकूर संपला. याच कामासाठीं शिवकालीं ‘मर्यादेयं विराजते’ आणि पुढें पेशवाईंत ‘लेखनसीमा’ अशीं अक्षरें कोरलेल्या लहान मुद्रा होत्या. मुद्रेच्या खालीं कोणी ओळ घातली तर ती परकी, हें पाहतांच कळावें. ‘रुजू’ म्हणजे तपासून मिळविलें. ‘बार’ म्हणजे दफ्तरीं नोंद झाली. ‘परवानगी हुजूर’ म्हणजे आज्ञा कोणाच्या तोंडची. आणि आलेल्या पत्राच्या पाठीवर घेणाराचा कारकून लिहितो: ‘पौ॥ छ ५ साबान सु॥ इहिदे सितैन गु॥ कासीद’. हा नमुना आम्हींच रचला आहे. परंतु असली ओळ शेंकडों पत्रांवर सांपडेल. तिच्यांत पत्र पोंचल्याचा दिवस, वर्ष व आणणारा, एवढें सर्व आहे. पत्राच्या तोंडावर वर्ष नसलें तरी पाठीवर तें असतें. कारण लिहिणारास वर्ष लिहिण्याची गरज नव्हती, पण पत्र बांधून ठेवणारास होती. लिहिल्याची तिथि व पोंचल्याची तिथि यांचें अंतर काढलें म्हणजे त्या ऋतूंत, त्या वाटेनें, डांक किती दिवसांत जाई हेंही हातीं येतें. पाठीवरच्या ओळीची किंमत कित्येक ठिकाणीं पोटांतील मजकुराहून अधिक ठरते, असें आमचें मत आहे.

हिशेबाच्या बाजूस संक्षेपाची परमावधि एकबेरीज दफ्तरांत दिसते. निरनिराळ्या खात्यांचे हिशेब तेथें येत, त्यांचे जमा, खर्च व शिल्लक असे तर्जुमे निघत, आणि खतावणींत ते विषयवार मांडले जात. मुलुखाच्या एका वर्षाचा कारभार थोड्या बंदांत पाहतां यावा, ही त्यांतील योजना. तर्जुमा करणाराला काय टाकावें हें कळत असे; आणि टाकलेलें पाहिजे झाल्यास कोणत्या रुमालांत सांपडेल हेंही कळत असे. मूळ फर्दी नाहींशा होऊन नुसते तर्जुमे उरले असते तर आज आपण त्यांच्या बळावर फारच थोडें सांगूं शकलों असतों.

येथवर लिहिलेल्या संक्षेपाचा उलगडा होऊं शकतो. ज्याचा होत नाहीं असाही एक संक्षेप आहे. एखाद्या मोठ्या राजकारणाच्या दिवसांचें, मोठ्या माणसाचें, अस्सल पत्र हातीं येतें. आणि त्यांत एवढेंच असतें कीं, अमुक गृहस्थ रवाना केले आहेत, ते मुखजबानी सांगतील त्यावरून सविस्तर कळेल. मजकूर त्या गृहस्थाच्या डोक्यांत गेला व त्याच्याबरोबरच संपला. मार्गांत पत्र पकडलें जाण्याचें भय असे, म्हणून ही रीत. तिच्यामुळें एक उलटा नियमच बनला आहे: पत्र जितकें महत्त्वाचें, तितकें तें लहान. लांब पत्र पाहून हरखून जाणाऱ्या संग्राहकांनीं हें लक्षांत घ्यावें. दुसरा प्रकार ‘अलाहिदा पुरवणी लिहिली आहे त्यावरून कळेल’ हा. पुरवणी वेगळ्या बंदावर असे, तिला मायना नसे, बहुधा तिथीही नसे, लिहिणाराचें नांवही नसे. कारण ती मुख्य पत्राच्या पोटांतच जावयाची. मुख्य पत्रांत नांव व तिथि आहे पण मजकूर नाहीं. पुरवणींत मजकूर आहे पण नांव व तिथि नाहीं. हीं दोन एका घडीत होतीं तोंपर्यंत सर्व कांहीं होतें. विक्रीच्या वेळीं तीं दोघां निरनिराळ्या हौशी गृहस्थांकडे गेलीं म्हणजे दोघांच्याही हातीं अर्धाच कागद राहतो, आणि पुरवणी घेणारास आपल्याजवळ काय आहे हें कधींच कळत नाहीं.

याला एक दैवयोगाचा उतारा आहे. उत्तर देण्यापूर्वीं आलेल्या पत्राचा गोषवारा द्यावयाचा, ही त्या काळची चाल. ‘आपण पत्र पाठविलें तें पावलें, त्यांत लिहिलें कीं’ असें म्हणून दोनचार वाक्यांत मूळ पत्राचा अर्थ सांगितलेला असतो आणि मग कलमवार उत्तर येतें. अशा गोषवाऱ्यांत कित्येक हरवलेलीं पत्रें जिवंत राहिलीं आहेत. मात्र तो गोषवारा घेणारानें केलेला आहे. त्याला जें सोयीचें तेंच त्यानें ठळक केलें असेल, ही शंका सदैव जागी ठेवावी.

सावकारी पत्रांचा संक्षेप हा पुन्हां निराळा. पानिपतच्या युद्धानंतर तेथील सावकारांनीं औरंगाबादेकडे नऊ दिवसांत पोंचण्याच्या बोलीनें एक कासीद धाडला, तो नर्मदेच्या बाजूस नानासाहेब पेशव्यांच्या लष्करांत सांपडला, आणि त्याजवळचें पत्र फोडून पाहतां दोन मोत्यें, सत्तावीस मोहरा व रुपें-तांबें यांच्या नुकसानीची भाषा आढळली, ही हकीकत ग्रँट डफनें १८२६ सालीं आपल्या इतिहासांत दिली आहे. मोत्यें म्हणजे भाऊसाहेब व विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, आणि रुपें-तांबें म्हणजे अगणित सामान्य माणूस. हें वाक्य आपल्याकडे काव्य म्हणून सांगितलें जातें. आमच्या समजुतीनें तें काव्य नव्हे, पेढीची भाषा आहे. सावकाराला बातमी लवकर, कमी शब्दांत व परक्यास न कळेल अशी पाठवावयाची होती. आणि रोजच्या धंद्यांत नाण्यांच्या भाषेपलीकडे दुसरी तयार भाषा त्याच्याजवळ नव्हती. रुप्यातांब्याची मोजदाद लागत नाहीं, हें त्यानें हिशेबनीसाच्या काट्यानेंच सांगितलें. म्हणूनच तें इतकें लागतें.

सर्वत्र संक्षेपच चांगला, असें मात्र जुन्या लोकांनीं मानलेलें नाहीं. दिल्लीचे हिंगणे किंवा हैदराबादचे गोविंदराव काळे यांसारख्या वकिलांचीं पत्रें बंदामागून बंद चालतात. दरबारांत कोण काय बोलला, कोणत्या शब्दावर कोण हंसला, कोण गप्प राहिला, हें धन्याला दुरून ऐकावयाचें असे. तेथें गोषवारा चालत नसे. काय महत्त्वाचें हें ठरविणें वकिलाचें काम नव्हे, हुजूरचें. ज्यानें निर्णय घ्यावयाचा त्याला सविस्तर, आणि ज्यानें नुसतें अंमलांत आणावयाचें त्याला दोन ओळी, असा भेद आम्हांस या पत्रव्यवहारांत सरसकट दिसला. मामलेदारास गेलेलीं आज्ञापत्रें किती तुटक आहेत, तें वाडांच्या रोजनिशा चाळून कोणासही पाहतां येईल.

खऱ्याखोट्याची पारख करतांनाही संक्षेप उपयोगी पडतो. वतनाच्या तंट्यांत बनावट कागद पुष्कळ झाले, हें सर्वश्रुत आहे. बनावट कागद बहुधा वाजवीपेक्षां अधिक बोलतो. त्यांत वर्ष पुरें असतें, माणसांचीं नांवें बापआज्यांसह असतात, आणि ज्या गोष्टी त्या काळच्या माणसाला सांगाव्याच लागल्या नसत्या, त्या नेमक्या सांगितलेल्या असतात. कारण तो कागद ज्याला उद्देशून आहे असें भासवलें जातें त्याच्यासाठीं लिहिलेला नसून, पुढें न्याय करणारासाठीं लिहिलेला असतो. ही एकच खूण निर्णायक नव्हे. शिक्का, अक्षर व कागद पाहिलेच पाहिजेत. तरी सर्व शब्द पुरे असलेली जुनी सनद समोर आली कीं आम्ही आतां दोनदां वाचतों.

हें सर्व लक्षांत घेतां संग्राहकांस व छापणारांस कांहीं विनंत्या आहेत. संक्षेप फोडून छापावयाचे असतील तर फोडलेला भाग कंसांत घालावा; मूळ अक्षर कोणतें व संपादकाची भर कोणती हें वाचकाला दिसलें पाहिजे. आम्हीं ‘गु॥’ तसाच छापून पुढें कंसांत ‘गुदस्त’ लिहिलें असतें, तर दुसऱ्या एखाद्या जाणत्यानें आमची चूक आधींच पकडली असती. आम्हीं मूळ अक्षरच पुसून टाकलें होतें. रुमाल सोडतांना कोणता कागद कोणाच्या घडीत होता तें, कागद उलगडण्यापूर्वीं, टिपून ठेवावें. पाठीवरची ओळ कागद चिकटवून झांकूं नये; चौकटींत बसवून भिंतीवर लावलेलीं कित्येक पत्रें या एका कारणानें मुकीं झालीं आहेत. अलीकडे छायाचित्रें घेण्याची फार सोय झाली आहे, आणि आमच्याकडेही वाचनासाठीं तीं वरचेवर येतात. दहांतलीं आठ फक्त तोंडाचीं असतात. पाठ कोरी असली तरी तिचें चित्र घ्यावें, म्हणजे ती कोरी आहे हें तरी कळेल.

त्या पाटील घराण्यास आम्हीं दुरुस्तीचें पत्र लिहिलें, त्या वेळीं ते वृद्ध गृहस्थ हयात होते. त्यांचें उत्तर आलें तें एका ओळीचें: पत्र पावलें, मुलांस वाचून दाखविलें. ती तीन ओळींची चिठ्ठी आतां इनामदारांच्या रुमालांत, ज्या हिशेबाशीं तिचा संबंध आहे त्याच फर्दींशीं बांधून ठेवली आहे.